तळघरातील भाडेकरूच्या गांजाच्या गोळ्या आणि घरातील लहान मूल

प्रश्न (ब्रॅम्प्टन, कॅनडा):
आमच्या तळघरातील भाडेकरू पाठदुखीसाठी गांजायुक्त जेलीच्या गोळ्या खातो. येथे ते कायदेशीर आहे, त्यामुळे आमची हरकत नाही. परंतु आमची तीन वर्षांची मुलगी दिवसातून दोनदा तरी त्याच्याकडे जाते आणि त्या गोळ्या साध्या जेलीसारख्याच दिसतात. एखादी तिच्या पोटात गेल्यास किती वेळाने कळेल? मीठपाणी पाजून उलटी काढावी, असे सासूबाई म्हणतात.

उत्तर 1 (बालरोगतज्ज्ञ):
मीठपाणी मुळीच पाजू नये. रक्तातील सोडियम वाढून त्यानेच मूल दगावू शकते, आणि गुंगीतल्या मुलाची उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. ओढलेल्या गांजाचा अंमल काही मिनिटांत चढतो, खाल्लेल्याचा मात्र अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत केव्हाही, कारण त्यातील टीएचसी (गांजातील नशा आणणारे द्रव्य) पचनमार्गातून हळूहळू रक्तात जाते. शिवाय यकृतात त्याचे आणखी एका प्रभावी द्रव्यात रूपांतर होते. म्हणून तासाभराने मूल खेळते आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. मूल पेंगते, झोकांड्या खाते, अंग सैल सोडते. क्वचित झटके येतात किंवा श्वास मंदावतो. यावर उतारा नाही, अंमल उतरेपर्यंत श्वास सांभाळणे हाच उपचार. काय खाल्ले ते संकोच न करता सांगावे. अन्यथा मेंदूज्वराच्या शंकेने पाठीतील पाणी काढण्यापर्यंत तपासण्या होतात.

उत्तर 2 (औषधविक्रेता, ओंटारियो):
येथे कायदेशीर पाकिटात एकूण 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी नसते. चोरट्या बाजारातील पाकिटांत ते कित्येक पट असू शकते, तेव्हा पाकीट कोठले आहे ते आधी पाहा. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी असे पदार्थ खाल्ल्याची 2017 मध्ये 207, तर 2021 मध्ये 3,054 प्रकरणे नोंदली गेली. लक्षणांची वाट न पाहता येथील विषबाधा केंद्राला 1-844-764-7669 वर विचारावे. मूल जागे होत नसेल, तर थेट 911 या आपत्कालीन क्रमांकावर.

उत्तर 3 (नागपूर):
हा धोका परदेशापुरताच नाही. महाशिवरात्रीला आणि होळीला भांगेची थंडाई साध्या थंडाईशेजारीच ठेवलेली असते आणि दोन्ही गोडच लागतात.

प्रश्नकर्ती:
भाडेकरूशी बोलणे झाले. पाकीट कायदेशीर आहे, आणि ते आता कुलपाच्या पेटीत, वरच्या फळीवर राहील. मीठपाण्याविषयीचे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवले आहे.