सहायक प्रशिक्षकाने मोठ्या संघात थांबावे की लहान कॉलेजाचे मुख्यपद घ्यावे?

त्रिकोणवासी

माझा भाचा अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलमध्ये, डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या श्रेणीतील एका नावाजलेल्या संघात, सहायक प्रशिक्षक आहे. सहायकांच्या उतरंडीत त्याचा क्रमांक शेवटचा आहे. यंदा डिव्हिजन टू या त्याखालच्या श्रेणीतील एका लहान कॉलेजाने त्याला मुख्य प्रशिक्षकपद देऊ केले आहे. घरातील बहुतेकांना वाटते की मुख्यपद चालून आले असताना ते नाकारू नये. मला मात्र त्याने आणखी काही वर्षे थांबावे असे मनापासून वाटते, आणि त्यामागची कारणे येथे मांडत आहे.

रॉय विल्यम्स यांनी शाळेतील प्रशिक्षकाची नोकरी सोडून १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डीन स्मिथ यांच्या हाताखाली अर्धवेळ सहायकाचे काम पत्करले, तेव्हा त्यांचा वर्षाचा पगार २,७०० डॉलर होता आणि घर चालवण्यासाठी ते राज्यभर गाडी फिरवून संघाची कॅलेंडरे विकत असत. दहा वर्षांनी, कॉलेजच्या एकाही संघाचे मुख्यपद सांभाळलेले नसताना, कॅन्सस विद्यापीठाने त्यांच्या हाती थेट आपला संघ सोपवला. पुढे नॉर्थ कॅरोलायनात परतून त्यांनी २००५, २००९ आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. टॉमी लॉइड यांचे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. ते २००१ पासून वीस वर्षे गोंझागा विद्यापीठात मार्क फ्यू यांच्याकडे सहायक होते. लिथुआनियाचा दोमांतास साबोनिस आणि जपानचा रुई हाचिमुरा यांच्यासारखे परदेशी खेळाडू वॉशिंग्टन राज्यातील त्या लहानशा विद्यापीठात आले, त्यात लॉइड यांचा मोठा वाटा होता. २०२१ मध्ये ॲरिझोनाने त्यांना मुख्यपद दिले आणि पहिल्याच हंगामात त्यांच्या संघाने ३३ सामने जिंकून केवळ ४ गमावले.

सहायकाचे खरे शिक्षण कोठे होते, हे बाहेरून दिसत नाही. हंगामातील प्रतिस्पर्धी सहायकांमध्ये वाटून दिलेले असतात. ज्याच्या वाट्याला जो संघ येतो, त्याने त्या संघाचे मागील अनेक सामने चित्रफितीवर पुन्हा पुन्हा पाहायचे, त्यांच्या ठरीव चाली आणि त्या चालींच्या खुणा टिपायच्या, सरावात आपल्याच राखीव खेळाडूंकडून त्या चाली खेळवून घ्यायच्या आणि सामन्याच्या रात्री समोरच्या पॉइंट गार्डने, म्हणजे चाली सुरू करणाऱ्या खेळाडूने, मूठ वर करताच बाकावरून ओरडून आपल्या बचावाला सावध करायचे. हे काम बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध वर्षानुवर्षे करण्याची संधी डिव्हिजन टूमध्ये मिळणार नाही.

आयोवाकर

आपण दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, परंतु त्यांवरून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत आणि २०२३ पासून प्रत्येक संघाला तीनऐवजी पाच सहायक ठेवण्याची मुभा आहे. म्हणजे विल्यम्स किंवा लॉइड यांच्यासारखी वाट पाहणारे दीड हजाराहून अधिक लोक एकाच वेळी रांगेत आहेत. थांबून ज्यांचे भले झाले त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत; जे थांबता थांबता पन्नाशीला पोहोचले, मुख्य प्रशिक्षकाला काढल्यावर त्याच आठवड्यात ज्यांची नोकरी गेली आणि ज्यांना मुलांची शाळा बदलून तिसऱ्या-चौथ्या राज्यात नव्याने बिऱ्हाड थाटावे लागले, त्यांची नावे कोणी घेत नाही.

सहायक सल्ला देतो, निर्णय मुख्य प्रशिक्षक घेतो. दोन मिनिटे उरली असताना टाइमआउट घ्यावा की राखावा, चार फाउल झालेल्या खेळाडूला मैदानावर ठेवावे की बसवावे, पालकांचा संतप्त फोन कसा हाताळावा, हे शेजारच्या खुर्चीवर बसून शिकता येत नाही. बेन मॅकॉलम यांनी २००९ मध्ये नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेट या डिव्हिजन टू संघाचे मुख्यपद घेतले. पहिल्या हंगामात विजयांपेक्षा पराभव अधिक होते. पुढे त्याच संघाने २०१७, २०१९, २०२१ आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०२४ मध्ये ते डिव्हिजन वनमधील ड्रेक विद्यापीठात गेले, तेथे ३१ सामने जिंकले आणि वर्षभरातच आयोवा विद्यापीठाने त्यांना बोलावले. डस्टी मे यांनीही फ्लोरिडासारख्या मोठ्या विद्यापीठातील सहायकपद सोडून २०१८ मध्ये फ्लोरिडा अटलांटिक हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला संघ घेतला आणि २०२३ मध्ये तो अंतिम चारांत नेला. आज ते मिशिगनमध्ये आहेत. डॅन हर्ली तर रटगर्समधील सहायकपद सोडून चक्क शाळेच्या संघाकडे गेले होते. कनेक्टिकट विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची २०२३ आणि २०२४ ची सलग दोन विजेतेपदे त्याच वाटेवर पुढे आली.

नागपाड्याचा गार्ड

दोघांनीही ज्या गोष्टीला हात घातलेला नाही, ती म्हणजे सहायकपदावरील माणसाची असुरक्षितता. १९९२ पासून एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या संघटनेने, प्रत्येक संघातील एका सहायकाचा पगार शैक्षणिक वर्षासाठी १२,००० आणि उन्हाळ्यासाठी ४,००० डॉलरवर बांधून टाकला होता. हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध असल्याचा निकाल १९९८ मध्ये अपिलातही कायम राहिला आणि पुढच्या वर्षी सर्व खेळांतील अशा प्रशिक्षकांसाठी ५ कोटी ४५ लाख डॉलरची तडजोड झाली. खर्च कमी करायचा तर तो सर्वांत खालच्या माणसाच्या ताटातून, ही वृत्ती त्या नियमात उघड दिसते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये खेळाडूंच्या भरतीतील लाचखोरीच्या तपासात एफबीआयने ऑबर्न, ॲरिझोना, ओक्लाहोमा स्टेट आणि सदर्न कॅलिफोर्निया या चार विद्यापीठांतील प्रशिक्षकांना अटक केली. चौघेही सहायक होते. एकाही मुख्य प्रशिक्षकावर फौजदारी आरोप ठेवला गेला नाही. त्यांनी केले ते चुकीचेच होते, याबद्दल दुमत नाही. पण चांगले खेळाडू आणले तरच नोकरी टिकेल, हा दबाव ज्याच्या मानेवर असतो तो सहायक असतो आणि गोत्यातही तोच येतो. शिवाय अनेक कृष्णवर्णीय सहायकांवर ‘हा फक्त खेळाडू आणणारा’ असा शिक्का बसतो आणि तो बसला की डावपेचांची जाण असूनही मुख्यपदासाठी त्यांचा विचार होत नाही, ही तक्रार या क्षेत्रात फार जुनी आहे. म्हणून भाच्याने किती वर्षे थांबावे यापेक्षा त्याला आज कोणते काम दिले जाते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास त्याच्याकडे असेल तर थांबण्याला अर्थ आहे. तो केवळ विमानतळावर खेळाडूंच्या पालकांना आणायला जात असेल, तर त्याने खुशाल निघावे.

कनेक्टिकटची वाचक

मुख्य प्रशिक्षक होणे हेच अंतिम ध्येय, हे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे. क्रिस डेली १९८५ मध्ये मुख्य प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्याबरोबर कनेक्टिकटच्या महिला संघाकडे आल्या आणि चार दशकांनंतरही त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आहेत. २०२५ पर्यंत त्या संघाने बारा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि २०१८ मध्ये डेली यांचा महिला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. बिल गथ्रिज यांनी डीन स्मिथ यांच्याकडे तीस वर्षे सहायक म्हणून काढली. १९९७ मध्ये मुख्यपद वाट्याला आले तेव्हा तीन हंगामांत दोनदा संघ अंतिम चारांत नेऊन ते निवृत्त झाले. या दोघांना ‘वर न चढलेले’ म्हणणे अन्यायाचे ठरेल. खेळाडूला रात्री अकरा वाजता ज्याच्याकडे जावेसे वाटते असा माणूस संघाला लागतो, आणि खेळाडूला बाकावर बसवण्याचा निर्णय ज्याच्या हाती आहे, तो सहसा हा माणूस होऊ शकत नाही. आपल्या भाच्याचा स्वभाव तसा असेल, तर थांबण्याला वाट पाहणे म्हणू नये.

आयोवाकर

डेली यांच्याबद्दल मलाही पराकाष्ठेचा आदर आहे. परंतु त्यांना चाळीस वर्षे एकच मुख्य प्रशिक्षक लाभला, आणि तो सतत जिंकत राहिला. हे भाग्य कोणाला मागून मिळत नाही. सहायकपद हे आयुष्यभराचे काम व्हावे असे वाटत असेल, तर त्याचा करार मुख्य प्रशिक्षकाच्या नोकरीपासून आधी वेगळा केला पाहिजे.

त्रिकोणवासी

करारासंबंधीचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. मॅकॉलम यांच्याबाबत मात्र एक गोष्ट नजरेआड होत आहे. त्यांना डिव्हिजन टूमध्ये पंधरा वर्षे काढावी लागली आणि चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवल्यानंतर डिव्हिजन वनचे दार उघडले. वाट तर त्यांनीही पाहिलीच. फरक इतकाच की माझा भाचा ती ड्यूक किंवा कॅन्ससच्या दर्जाच्या संघांविरुद्ध तयारी करत पाहील.

आयोवाकर

पंधरा वर्षे हे खरे, पण ती आजच्या नियमांतली नव्हेत. २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष सामन्यांबाहेर न बसता कॉलेज बदलता येते आणि २०२४ मध्ये अशा बदलांच्या संख्येवरील मर्यादाही गेली. मॅकॉलम ड्रेकला गेले तेव्हा डिव्हिजन टूमधील त्यांचे अनेक खेळाडू त्यांच्याबरोबर आले. त्यांतला बेनेट स्टर्ट्झ ड्रेकचा आधारस्तंभ ठरला आणि पुढे आयोवालाही त्यांच्यामागे गेला. म्हणजे लहान कॉलेजात घडवलेला संघ आता प्रशिक्षकाबरोबर वर चढू शकतो. याउलट शाळकरी खेळाडूंच्या घरी वर्षानुवर्षे ये-जा करून सहायकाने जोडलेली नाती, तो खेळाडू एका हंगामानंतर कॉलेज बदलू इच्छिणाऱ्यांच्या यादीत, म्हणजे पोर्टलमध्ये, नाव घालतो तेव्हा पूर्वीइतकी कामाला येत नाहीत.

त्रिकोणवासी

हा मुद्दा वजनदार आहे आणि तो मी त्याच्यापर्यंत नक्की पोहोचवीन. थांबावे हे माझे मत अद्याप कायम आहे, पण त्याने कॉलेजाला होकार वा नकार कळवण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात, असे त्याला सुचवले आहे. डिव्हिजन टूच्या नियमाप्रमाणे पुरुष संघाला दहा पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम वाटता येते; ते कॉलेज त्यांपैकी प्रत्यक्षात किती देते? आणि त्याच्या हाताखाली निदान एक पूर्णवेळ, पगारी सहायक असेल की नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर चित्रफिती पाहण्यापासून बसचे आरक्षण करण्यापर्यंत सर्व कामे त्याच्या एकट्याच्याच अंगावर पडतील, आणि तशा स्थितीत आयोवाकर यांनाही तो ‘जा’ असा सल्ला देता येईल असे मला वाटत नाही.