वेपिंग: 'सिगारेटपेक्षा बरं' हे फुप्फुसाला कुठे कळतं?

आडवाट (धागाकर्ता)

तंबाखू सोडण्याच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहिलं, "वेपमध्ये (म्हणजे ई-सिगारेटमध्ये) असतं काय, नुसती वाफ." त्यावर धडाधड सहमतीचे प्रतिसाद आले. तिथे विषयांतर नको, म्हणून हा वेगळा धागा.

घात 'वाफ' या शब्दानेच केलाय. वाफ म्हटलं की डोळ्यांपुढे पाणी येतं. वेपमधून निघतो तो बारीक थेंबांचा फवारा. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात निकोटीन, स्वादद्रव्यं, आणि द्रव तापवणाऱ्या तारेवरून, म्हणजे कॉइलवरून, सुटलेले निकेल-क्रोमियमसारख्या धातूंचे अंश. बरेचसे थेंब एका मायक्रॉनहून लहान, म्हणजे नाकाघशात न अडकता थेट वायुकोशापर्यंत पोचणारे. तिथली भिंतही एका मायक्रॉनहून पातळ असते. प्राणवायू आत जावा म्हणून ती इतकी पातळ आहे, फवारा झेलायला नव्हे.

वायुकोशाच्या आत सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध थर असतो. तो नसेल तर श्वास सोडल्यावर वायुकोश ओल्या पिशवीसारखा आतून चिकटेल. 2019 मध्ये बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या संशोधकांनी उंदरांना चार महिने ई-सिगारेटचा फवारा दिला. सफाईचं काम करणाऱ्या मॅक्रोफेज पेशींमध्ये चरबी साठली, सर्फॅक्टंटची घडण बिघडली आणि फ्लूच्या विषाणूपुढे हे उंदीर जास्त हतबल ठरले. निकोटीन नसलेल्या फवाऱ्यानेही हेच झालं. म्हणजे ज्या ग्लायकॉल-ग्लिसरीनला आपण 'निरुपद्रवी बेस' म्हणतो, त्याचाच हा प्रताप.

'खाद्यपदार्थात चालतं, मग श्वासात का नाही' हा युक्तिवाद कृपया नको. पाण्याचा घोट पोटात गेला तर तहान भागते, श्वासनलिकेत गेला तर ठसका लागतो. पाणी तेच.

---

धुरंधर

नावावर जाऊ नका, धूर सोडून तीन वर्षं झाली. त्याआधी चौदा वर्षं रोज एक पाकीट. निकोटीनचं च्युइंगम झालं, पॅच झाले, दोनदा देवाची शपथही झाली. शेवटी सुटली ती वेपमुळे.

शीर्षकातला प्रश्न चटकदार आहे, पण चुकीचा आहे. फुप्फुसाला तुलना कळत नसेल, मला कळते. ओढताना सिगारेटचं टोक 900 अंशांच्या आसपास तापतं. तंबाखू जळते, डांबर तयार होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, हजारो रसायनं निघतात आणि त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सरकारक. वेपमध्ये काही जळतच नाही. डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही.

ब्रिटनमध्ये 886 जणांवर झालेली चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर ई-सिगारेट दिलेल्यांपैकी 18 टक्के लोक सिगारेटमुक्त होते, पॅच-च्युइंगमवाल्यांपैकी 9.9 टक्के. जवळजवळ दुप्पट.

आणि प्रयोगशाळेतल्या भीतीचं म्हणाल, तर 2015 मध्ये वेपच्या फवाऱ्यात फॉर्माल्डिहाइड हे कॅन्सरकारक रसायन सापडल्याचा केवढा गाजावाजा झाला होता. ते सापडलं 5 व्होल्टवर. 3.3 व्होल्टवर सापडलंच नाही. व्होल्टेज इतकं चढवून कॉइलमधला कापूस कोरडा पडला की काय होतं हे वेप ओढणाऱ्याला विचारा. घशाला अशी आग लागते की दुसरा झुरका घेण्याची कुणाची छाती होत नाही. यंत्राला घसा नसतो, ते आपलं ओढत राहतं.

---

आडवाट

व्होल्टेजचा मुद्दा मान्य. पण त्याच 886 जणांच्या चाचणीतला पुढचा आकडा तुम्ही गाळलात. ई-सिगारेटच्या मदतीने ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांतले 80 टक्के वर्ष संपतानाही वेप ओढतच होते. पॅच-च्युइंगमवाल्यांमध्ये असे 9 टक्के. याला सुटणं म्हणायचं की घर बदलणं?

---

धुरंधर

जळत्या घरातून बाहेर पडून गळक्या घरात आलो म्हणा. छत गळतंय हे मला दिसतं. म्हणून परत आगीत जाऊ?

---

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

काचपट्टी

@वाचनमात्र, या धाग्यावर तरी पॉपकॉर्न जपून. 🙂

मी पॅथॉलॉजीत आहे, दिवस सूक्ष्मदर्शकाखाली जातो. दोन्ही बाजूंची थोडी थोडी गैरसमजूत दूर करतो.

आधी पॉपकॉर्न. 2000 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एकाच कारखान्यातल्या आठ माजी कामगारांमध्ये ब्रॉंकिओलायटिस ऑब्लिटरन्स हा दुर्मिळ आजार आढळला. सर्वांत बारीक श्वासनलिकांच्या भिंतीत व्रण भरतो आणि नळी आतून बुजते. बुजलेली नळी पुन्हा उघडत नाही. संशय गेला लोण्याचा वास देणाऱ्या डायअसेटिलवर. ते खाल्लं तर काही होत नाही, वाफ हुंगली तर हे. पुढे 2015 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी 51 स्वादांची ई-लिक्विड तपासली, त्यांतल्या 39 मध्ये डायअसेटिल निघालं. म्हणून 'वेपिंगने पॉपकॉर्न लंग होतो' अशी हाकाटी झाली. पण सिगारेटच्या धुरात डायअसेटिल याहून कितीतरी जास्त असतं, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार सरसकट दिसत नाही. त्यामुळे डायअसेटिल लिक्विडमध्ये नसावंच, पण छातीठोकपणे 'होतोच' म्हणण्याइतका पुरावा नाही.

आता 2019 ची अमेरिकेतली साथ. वेप ओढणारी धडधाकट तरुण मुलं धाप लागून रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत नोंद झालेले रुग्ण 2807, मृत्यू 68. फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात तेलाचे थेंब भरलेल्या मॅक्रोफेज पेशी सापडायच्या. ऑइल रेड ओ नावाचं रंजक टाकलं की ते थेंब लालभडक होतात. फेसाळ पेशी आणि आत लाल मणी, असं चित्र. साहजिकच पहिला कयास 'तेल फुप्फुसात गेल्याने न्यूमोनिया' असा होता. मग 17 रुग्णांच्या बायोप्सी एकत्र पाहिल्या गेल्या आणि तसा न्यूमोनिया एकातही नव्हता. इजा श्वासनलिकांच्या भोवती केंद्रित होती, रासायनिक भाजण्याशी साम्य असलेली. पेशींचं अस्तर खरवडून निघालेलं, वायुकोशात फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारं प्रथिन) साचलेलं. माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच. थेंब पाहून आपण तेलावर थांबलो असतो, ऊतीने वेगळं सांगितलं.

मुख्य संशयित ठरलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. 51 पैकी 48 रुग्णांच्या फुप्फुसातल्या द्रवात ते होतं. गांजातलं टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) असलेल्या, काळ्या बाजारातल्या वेपच्या काडतुसांत, म्हणजे द्रव भरलेल्या नळ्यांत, ते घट्टपणासाठी मिसळत. हेही त्वचेवर चालतं, पोटात चालतं.

---

धुरंधर

धन्यवाद. म्हणजे ती साथ टीएचसीच्या भेसळीची होती. तिचं खापर आमच्या निकोटीन वेपवर इतकी वर्षं फुटतंय.

---

काचपट्टी

बहुतांशी हो. माहिती मिळालेल्या रुग्णांपैकी 82 टक्के लोकांनी टीएचसी वापरल्याचं सांगितलं. फक्त निकोटीन वापरल्याचं सांगणारे 14 टक्के होते. त्यांतले काही खोटं बोलले असतील, सगळेच बोलले असतील असं मी म्हणणार नाही.

आणि साथ बाजूला ठेवली तरी रोजच्या निकोटीन वेपचं काय? 2019 मध्येच नियमित वेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसातला द्रव तपासला गेला. न्यूट्रोफिल इलास्टेज आणि तत्सम प्रथिनं कापणारी विकरं त्यात वाढलेली होती, सिगारेट ओढणाऱ्यांइतकीच. फुप्फुसाचा ताणून परत येण्याचा गुण इलास्टिनमुळे असतो. हे विकर तेच कुरतडतं. एम्फिसीमाची, म्हणजे वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्याच्या आजाराची, सुरुवात अशीच होते. वेप ओढणाऱ्यांना एम्फिसीमा होतो, असं मी म्हणत नाहीये. कात्र्या बाहेर काढलेल्या दिसल्या, एवढंच.

---

आडवाट

मला हेच म्हणायचं होतं. आजची ई-सिगारेट होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने 2003 मध्ये बनवली. सिगारेटचा धूर आणि कॅन्सर यांत दोन-तीन दशकांचं अंतर पडतं. कारखान्यात बनलेल्या सिगारेटी घरोघर पोचून कित्येक वर्षं झाल्यावर, 1950 मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांचा निबंध आला. तोवर 'काही सिद्ध झालेलं नाही' हेच खरं होतं. आणि वेप सिगारेटपेक्षा '95 टक्के कमी घातक' असल्याचा तो आकडा, जो अजून कुणी काढला नाही पण निघणारच, तो मोजून आलेला नाही. काही तज्ज्ञांनी एकत्र बसून दिलेल्या गुणांवरून तो निघाला.

---

धुरंधर

तो मुद्दाम काढला नव्हता, कारण मलाही तो फार गुळगुळीत वाटतो. पण 'अजून माहीत नाही' हे वाक्य दोन माणसांना सारखं लागू होत नाही. ज्याने कधी काही ओढलं नाही, त्याने वेपला हातही लावू नये. फळांच्या चवी आणि रंगीत पॉड पोरांच्या हाती देणाऱ्यांना मी तुमच्याहून चार शिव्या जास्त घालीन. पण पाकीटभर ओढणाऱ्याच्या बाबतीत एका पारड्यात 'माहीत नाही' आहे आणि दुसऱ्यात पक्कं माहीत असलेलं मरण.

---

आडवाट

हे मान्य. धाग्यात मी या दोघांना एकाच मापाने मोजलं, ती चूक माझी. तरी 'नुसती वाफ' म्हणणाऱ्याला सोडणार नाही.

---

वाचनमात्र

पॉपकॉर्न बाजूला ठेवून खरं विचारतो. घरात वेप, बाहेर सिगारेट, असं माझं दीड वर्ष चाललंय. पाकिटाची अर्ध्यावर आली. तब्येतीला अर्धा फायदा तरी धरायचा का?

---

काचपट्टी

नाही. धूर आणि फवारा दोन्ही चालू असलेल्या फुप्फुसाला फारसा दिलासा मिळत नाही. दोन्ही बाजूंचे लोक ज्यावर भांडत नाहीत असा हा बहुधा एकच मुद्दा.

---

धुरंधर

+१. मीही आठ महिने तेच केलं, आणि 'कमी केलीये' म्हणत स्वतःची समजूत घातली. एक तारीख ठरवून सिगारेट पूर्ण बंद करा, तोवर वेपमधलं निकोटीन कमी करायला जाऊ नका. कमी पडलं की पाय पाकिटाकडेच वळतात. नंतर उतरा. मी 12 मिलिग्रॅमवरून 6, मग 3 वर आलो. गेले पाच महिने 3 वरच अडकलोय. शून्याची बाटली कपाटात आहे, सील तसंच आहे.

---

आडवाट

सील फोडलंत की इथे कळवा. धागा वर काढायला मी आहेच.