मदत हवी आहे: पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्यावर लगेच दिवस राहिले तर चालतं का?

नमस्कार. वय 29, सासर नागपूरला महालमध्ये. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे यंदा सोळा भाज्या, पुरण, आंबील सगळं माझ्याकडे होतं, आणि पाळीची तारीख नेमकी जेवणाच्या दिवशी. म्हणून तीन दिवस आधीपासून नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा घेतली. डॉक्टरांना न विचारता मेडिकल स्टोअरमधून आणली, हे चुकलंच माझं. पाच दिवस घेतली, विसर्जनाच्या रात्री शेवटची गोळी.

तिसऱ्या दिवशी पाळी आली, पण दीड दिवस नुसते डाग दिसले आणि बंद. एरवी माझे चांगले चार दिवस जातात.

आम्ही चार महिन्यांपासून बाळासाठी प्रयत्न करतोय, गेल्या महिन्यातही. जाऊबाई म्हणतात, गोळ्यांची गरमी उतरायला तीन महिने थांब, नाहीतर बाळावर परिणाम होईल. हे म्हणतात, काही होत नाही. मला दोन्ही पटत नाही आणि रात्री झोप लागत नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद:
ताई, मी डॉक्टर नाही. पण माझंही असंच झालं होतं, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी कागदावर तारखा मांडून समजावलं होतं. तीन महिने थांबायची गरज नसते. हे औषध दोन-तीन दिवसांत शरीरातून निघून जातं आणि पुढच्याच चक्रात बीज सुटू शकतं.

तुम्ही पुढच्या महिन्याची काळजी करताय, मला मात्र गेल्या महिन्याचं विचारावंसं वाटतं. तुमची पाळी नियमित असेल तर गोळ्या सुरू केल्या तेव्हा बीज सुटून दहा-अकरा दिवस झाले असतील. म्हणजे दिवस राहायचे असतील तर ते आधीच राहिलेले असू शकतात. या गोळ्या अशा घेतल्याने गर्भधारणा टळत नाही. नुसत्या डागांना पाळी धरू नका. उद्या सकाळच्या पहिल्या लघवीची किटवर तपासणी करा. एकच रेघ आली आणि पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. दोन रेघा आल्या तरी घाबरून गर्भ पाडायचा विचार करू नका, इतक्या सुरुवातीला थोडे दिवस घेतलेल्या गोळ्यांसाठी तसं करावं लागत नाही. उरलेल्या गोळ्या मात्र घेऊ नका. पोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जवळ डागा स्त्री रुग्णालय आहेच, तिथे मात्रा आणि तारखा सांगा. आणि फॉलिक ॲसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम, आजपासूनच सुरू करा. ते दिवस राहायच्या आधीपासून लागतं.

धागाकर्ती:
ताई, गेल्या महिन्याचं मला सुचलंच नव्हतं. किट आणलंय. गोळ्यांचं पाकीट टाकणार होते, आता पर्समध्ये ठेवलंय. सोमवारी डागाला जाते. जाऊबाईंनाही सोबत येता का म्हणून विचारलं, त्या हो म्हणाल्या.