मदत हवी आहे: नणंदेच्या लग्नाचा मेकअप माझ्या गळ्यात पडलाय, हायलायटर आणि आयशॅडोपाशी घोडं अडलंय

रंकाळाकाठची

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात धाकट्या नणंदेचं लग्न आहे, इथंच कोल्हापुरात. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. ज्या पार्लरवाल्या ताईंना ॲडव्हान्स दिला होता त्यांना त्याच तारखेची मोठी पार्टी मिळाली. आमचे पैसे परत पाठवून त्या मोकळ्या झाल्या. नणंद म्हणाली, "वैनी, तुमचा हात बराय, तुम्हीच करा की." माझा हात बरा म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला पोरांना मावळ्यांच्या मिशा काढून देण्याइतका बरा! पण सासूबाईंनी लगेच "घरचं माणूस असताना बाहेर कशाला पैसे घालायचे" म्हणून ठराव पास केला.

फाउंडेशन, काजळ, लिपस्टिक मला जमतं. अडलंय ते चमकणाऱ्या वस्तूंपाशी, म्हणजे गालाच्या हाडावर चमक आणणारा हायलायटर आणि पापणीवरची आयशॅडो. गेले तीन आठवडे नणंदेला समोर बसवून ट्रायल चाललीय. तिचा वर्ण गव्हाळ, जरा सावळ्याकडे झुकणारा. त्वचा तेलकट, पापण्यासुद्धा. डोळा उघडला की पापणीची घडी जवळजवळ झाकली जाते. चष्मा आहे, उणे तीनचा, पण लग्नात लेन्स घालणार आहे.

आतापर्यंत काय काय लावून पाहिलं ते सांगते.

पहिला हायलायटर महाद्वार रोडवरून आणला. पावडरचा, पांढरट चंदेरी. दुकानात मनगटावर ओढून बघितला तेव्हा चांदणं पडल्यासारखा दिसला. घरी गालावर लावला तर सासूबाई म्हणाल्या, "अंगारा लावलास काय गं तिच्या गालाला?" खरंच राखेचा पट्टा दिसत होता.

दुसरा राजारामपुरीतून, ड्रॉपरच्या बाटलीतला, पातळ, सोनेरी. फाउंडेशन, वर कॉम्पॅक्ट पावडर आणि त्यावर हा बोटानं पसरवला. खालचं सगळं निघून आलं. गालाला खिडकी पडली.

तिसरा स्टिक, पीच-सोनेरी. लावल्या लावल्या फार सुंदर! तासाभरानं मात्र तो हायलायटर आहे का घाम आलाय हे सांगता येईना.

आयशॅडोची १८ रंगांची पॅलेट घेतलीय. त्यातले मॅट (बिनचमकीचे) ब्राऊन बरे आहेत, पण ब्रश टेकवला की पीठ उडतं. तांब्याच्या रंगाचा एक शिमर (चमकणारा रंग) आहे, तो ब्रशनं लावला तर दिसत नाही आणि बोटानं लावला तर एकदम लख्ख. मात्र दोन तासांत सगळा घडीत गोळा होऊन एक रेघ होते आणि उरलेला डोळ्याखाली सांडतो. पॅलेटबरोबर मोकळ्या ग्लिटरची एक डबी फुकट मिळाली, तिच्यावर नणंदेचा फार जीव आहे. शिवाय शालू हिरवा म्हणून आयशॅडोही हिरवीच हवी हा तिचा हट्ट.

आणि एक गोष्ट कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगत नाही. मुंडावळ्या! त्या नेमक्या हायलायटरच्या जागेवरूनच खाली लोंबतात. मग लावायचा तरी कुठं?

जाणकारांनी मार्ग दाखवावा. "चांगली पार्लरवाली बघा" हा सल्ला सोडून काहीही चालेल, त्या तारखेला कुणी रिकामं नाही.

तांबडा_पांढरा

अंगारा! सासूबाईंना माझा दंडवत सांगा. मेकअपमधलं कळत नाही, पण धागा वाचतोय. नाद खुळा लिहिलंयसा.

चंद्रकोर

ताई, मी गेली काही वर्षं नवऱ्या सजवते (कोल्हापुरात नाही, सांगलीकडं, आणि तुमची तारीख माझ्याकडंही भरलेलीच आहे). तुमचे तिन्ही हायलायटर वाईट नसावेत. पहिल्याचा रंग चुकला, दुसऱ्याचा क्रम आणि तिसऱ्याची त्वचा.

हायलायटरची चमक येते ती अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांमुळे. त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर असतो, सोनेरी किंवा तांबूस छटा हवी असेल तर आयर्न ऑक्साइडचा. पापुद्रे जेवढे बारीक तेवढी झाक मऊ. मोठे असले की वेगवेगळे ठिपके चमकतात. चंदेरी हायलायटरच्या पावडरीचा मूळ रंगच पांढरट असतो. उजेड पडतो त्या कोनात तो चमकतो, बाकी सगळ्या कोनांतून ती नुसती पांढरी पावडर दिसते. गोऱ्या कातडीवर ते खपून जातं, गव्हाळ-सावळ्या रंगावर राख दिसते. हातावर बघताना आपण मनगट हलवून चमक शोधतो म्हणून फसतो. तुमच्या नणंदेला सोनेरी, पीच-सोनेरी किंवा मधाच्या रंगाचाच शोभेल. दुकानात बघायचाच असेल तर बोटावर घेऊन दारात उन्हात या आणि चमकणाऱ्या बाजूकडं न बघता उलट्या बाजूनं बघा. तिकडून पांढरा दिसला तर ठेवून द्या. आणि तिथला टेस्टर डोळ्याला अजिबात लावू नका, दिवसभरात त्यात किती जणींची बोटं जातात ते दुकानदारालाही ठाऊक नसतं.

क्रमाचं म्हणाल तर ओलं ओल्यावर, कोरडं कोरड्यावर. ड्रॉपरवाला किंवा स्टिक कॉम्पॅक्टच्या आधी, ओलसर स्पंजनं टिपून. बोटानं घासलं की खालचं निघणारच. पावडरवाला असेल तर कॉम्पॅक्टनंतर. तेलकट कातडीला मी स्टिक अगदी पुसट टिपते आणि तिच्यावर त्याच छटेची पावडर मऊ ब्रशनं एकदाच फिरवते. कपाळाला, नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीला काही लावायचं नाही, तिथं दुपारी तेल स्वतःहूनच चमकतं. त्यात नाकावर नथ. मोत्यांशेजारी नाकाचा शेंडाही चमकायला लागला की फोटोत नथ हरवते.

मुंडावळ्यांचं तुम्ही बरोबर पकडलंत, हे नवशिक्यांना पहिल्या लग्नातच कळतं. व्हिडिओतल्यासारखं कानशिलापर्यंत ओढायचं नाही. समोर सरळ बघायला सांगून बुबुळाच्या बाहेरच्या कडेखाली, हाडाच्या वरच्या अंगाला, रुपयाएवढ्या जागेत थांबायचं. कानाकडची बाजू मोत्यांसाठी मोकळी. तिथं लावलेलं अर्ध्या तासात मुंडावळ्यांना लागतं. एकदा तर मी नवरीच्या मुंडावळ्याच चमकताना पाहिल्यात.

आता डोळे. तेलकट पापणीवर प्रायमर (रंग धरून ठेवायला आधी लावायचा हात) नाही तर शिमर टिकत नाही. प्रायमर नसेल तर कन्सीलरचा (डाग झाकायच्या क्रीमचा) अगदी पातळ हात, वर पावडर. घडीजवळ कन्सीलर जाड झाला की रेघ आणखी लवकर येते. पापणी झाकली जाते म्हणालात ना? मग डोळा मिटून शेडिंग करू नका. तिला आरशात सरळ बघू द्या आणि उघड्या डोळ्यावर जिथं दिसेल तिथं मॅट ब्राऊन लावा, म्हणजे खऱ्या घडीच्या जरा वर. शिमर फक्त पापणीच्या मधोमध, बोटानं दाबून. घासायचा नाही. ब्रशच हवा असेल तर जरा ओला करून घ्या. सगळा डोळ्यांचा मेकअप आधी आणि फाउंडेशन नंतर केलं तर खाली सांडलेलं सरळ पुसून टाकता येतं. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुली एवढं एकच शिकून गेल्या तरी त्यांचं निम्मं काम भागतं.

हिरव्याचं काय करायचं? शालू हिरवा, चुडा हिरवा, त्यात पापणीही हिरवी! खालच्या पापणीला बाहेरच्या कोपऱ्यात मेंदी रंगाची बारीक रेघ द्या आणि तिला सांगा, दिली बघ हिरवी. वर तुमचा तांब्याचा रंगच राहू दे.

औषधी_पुडी

मी औषधाच्या दुकानात बसते, मेकअपमधली नाही, पण फुकट मिळालेली ती डबी वाचून राहवेना. मोकळं ग्लिटर बहुतेक प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे कापलेले तुकडे असतात, कडा धारदार. त्यातला एखादा लेन्सखाली गेला तर बुबुळावर ओरखडा उठू शकतो. नणंद लेन्स घालणार आहे, त्यामुळे माझ्या मते तिथं विषय संपतो. डबी भाचरांना राख्या करायला द्या. लेन्स मेकअपच्या आधी घालायची, हात साबणानं धुऊन, आणि रात्री मेकअप पुसायच्या आधी काढायची.

पॅलेटच्या मागं काय छापलंय ते एकदा वाचून बघा. बॅच नंबर, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. माल बाहेरच्या देशातला असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक. यातलं काहीच नसेल तर डोळ्याजवळ नेऊ नका, किंमत कितीही असो. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात "१२ एम" असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने.

कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा. हे सगळं लग्नाच्या आठवड्यात नाही, आत्ताच. फोड उठले तर बरे व्हायला वेळ तरी मिळेल.

रंकाळाकाठची

@औषधी_पुडी, धन्यवाद! पॅलेटवर सगळं आहे. डबीवर नुसतं फुलपाखरू आहे. डबी बाद.

@चंद्रकोर, तुम्ही देवासारख्या धावून आलात. एक विचारायचं होतं. ट्रायल आम्ही रात्री माजघरात ट्यूबलाइटखाली करतोय, दिवसा तिची नोकरी आणि माझी शाळा. त्यानं काही फरक पडतो का?

चंद्रकोर

फरक? अहो, मग तुम्ही अजून ट्रायल केलेलीच नाही.

जुना_पडदा

या वाक्यावर राहवेना म्हणून लिहितोय. माझे वडील इथल्या जयप्रभा स्टुडिओत रंगभूषेच्या खात्यात मदतनीस होते. ते सांगायचे, चेहरा रंगवून झाला की नटाला आरशात बघू द्यायचं नाही, आधी सेटवर न्यायचं, लाइट लावायचा आणि आपण कॅमेऱ्याच्या जागी जाऊन बघायचं. खोलीत छान दिसणारा रंग सेटवर भलताच निघतो हे त्या पिढीला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याही आधी, बाबूराव पेंटरांनी १९१७ मध्ये इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली त्या मूकपटांच्या जमान्यात फिल्मला लाल रंग दिसतच नसे. ओठाला लाल लावलं की पडद्यावर काळं. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात सुरू झाली (पुण्याला गेली ती १९३३ मध्ये, तो राग आमच्या पेठेत अजून आहे). तेव्हापासून या गावात चेहरे रंगवणारी माणसं उजेडाकडं बघून रंग ठरवत आली.

तुमचा कॅमेरा म्हणजे दुपारी साडेबाराचा मांडव. त्या वेळी, त्या उजेडात बघा. मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो आणि फ्लॅशशिवाय एक, दोन्ही काढा.

चंद्रकोर

काका, अगदी हेच. आणि ताई, ट्रायलला मुंडावळ्या बांधा, नथ घाला. अजून एक, आदल्या दिवशी हळद आहे हे विसरू नका. कितीही धुतली तरी दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर पिवळी झाक राहते, तिच्यावर पीच जास्त नारिंगी दिसतो. त्या सकाळी फाउंडेशन मानेशी लावून पुन्हा जुळवा आणि हायलायटर ट्रायलपेक्षा कमीच घ्या.

शाहूपुरीकर

नवऱ्या मुलाला काय लावायचं? भावाचं लग्न आहे, फोटोत कपाळ आरशासारखं येतंय.

चंद्रकोर

काहीही नको. टिशू खिशात ठेवा आणि टिपा. टिपा म्हणजे टिपा, रुमालानं खसाखसा पुसू नका.

रंकाळाकाठची

मंडळी, रविवारी झाली एकदाची ट्रायल. सुट्टी होती म्हणून साडेदहाला बसवलं नणंदेला. आधी डोळे, मग फाउंडेशन, स्टिक टिपली, कॉम्पॅक्ट गालाचं हाड सोडून, वर पावडरचा एक हात. चंदेरी वाला मी स्वतःसाठी ठेवला होता. तोही सासूबाईंनी "तुलाही अंगाराच दिसतोय" म्हणून बाद केला.

बरोबर १२.३५ ला तिला गच्चीवर नेलं, मुंडावळ्या, नथ, शालूचा पदर सगळं घालून. खोलीत मला वाटत होतं की हायलायटर फारच कमी झालाय, आणखी एक हात द्यावा. बरं झालं दिला नाही. उन्हात गालावर तो बरोबर तेवढाच दिसत होता, आणि मान वळवली की मुंडावळ्यांच्या मोत्यांमधून मध्येच एकदा उजळून जात होता. मी दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिले. चूक एकच निघाली. उजव्या भुवईखाली मी शिमर जरा जास्त चढवला होता, तो फ्लॅशच्या फोटोत पांढरा डाग दिसला. माजघरातल्या ट्यूबलाइटखाली तो कधीच कळला नसता.

मग तिला तसंच बसवून ठेवलं, जेवायला घातलं, पंखा बंद करून. पापणीतली रेघ सव्वातीनला दिसली. म्हणजे मंगलाष्टका, फोटो आणि पंगत निभावते, त्यानंतर बोटानं एकदा सारखं करून घ्यायचं. खालच्या पापणीची मेंदी रेघ तिला पटली, पण ती आल्या-गेल्याला "हिरवी दिसतेय ना?" म्हणून विचारत सुटलीय.

आता नवीनच भानगड. शेजारच्या काकूंनी तिला गच्चीवर मुंडावळ्या बांधून उन्हात उभी असलेली पाहिली. संध्याकाळपर्यंत गल्लीत दोघीतिघींनी सासूबाईंना विचारलं, "लग्न उरकलं काय ओ? आम्हाला बोलावणं नाही?" सासूबाई आता घरोघरी पत्रिका देताना हायलायटर म्हणजे काय ते समजावून सांगतायत.