मदत हवी आहे: अम्मानला अरबी शिकायला जाण्याआधीचे दहा आठवडे

जून-जुलैमध्ये आठ आठवड्यांच्या अरबी अभ्यासक्रमासाठी जॉर्डनला, अम्मानला जातेय. फी भरली, राहायची सोय झाली. अडलंय तयारीवर.

वर्षभर घरीच शिकतेय. २८ अक्षरं लिहिता-वाचता येतात, कतबा, किताब, मक्तब अशी एका धातूची कुळंही ओळखू येतात. कान मात्र कच्चा आहे. ‘अर्ज’, ‘हजर’, ‘हिशेब’ आपल्याकडे अरबीतूनच आलेत, पण तोंडात मराठी उच्चार इतका मुरलाय की ‘ऐन’ आणि घशातला ‘हा’ हे अरबी ध्वनी निघतच नाहीत. ध्वनिमुद्रणं ऐकून, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पाहिला. चूक कुठे होते ते एकटीला कळत नाही.

त्यात फुस्हा (पुस्तकी, प्रमाण अरबी) की बोली हा पेच. ‘तुला काय हवंय’ला पुस्तकात ‘माझा तुरीदु’, अम्मानच्या रस्त्यावर ‘शू बिद्दक’. पहिल्याच दिवशी चाचणी आहे, ती फुस्हातच. वर्गाबाहेर मुकं राहायचं नाही, हेही तितकंच खरं.

मी कोपरखैरणेला राहते, नोकरी महापेला. शनिवार-रविवार सकाळ मोकळी, इतर दिवशी रात्री तासभर. ठाणे-वाशी पट्ट्यात दोन क्लास पाहिले. एकात फक्त कुराणपठण, दुसऱ्यात आखाती नोकरीपुरती बोली. दोन्ही चांगले, पण माझ्या कामाचे नाहीत.

तिकडे शिकून आलेल्यांनी सांगा: हा वेळ सगळा फुस्हाच्या व्याकरणाला द्यावा, की निम्मा बोलीला? आणि समोर बसवून उच्चार सुधारून घेणारं कुणी ठाणे-नवी मुंबईत आहे का?