रंगाचे पैसे डिपॉझिटमधून सरसकट कापायचे?

कडीकोयंडा :
परवा इथेच एकाने छोट्या घरमालकांना सल्ला दिला : "भाडेकरू निघाला की एका महिन्याचं भाडं रंगाचं म्हणून कापून घ्या. भिंत काळी पडली असेल तर दोन महिन्यांचं. हिशेब द्यायच्या भानगडीत पडू नका." त्याखाली सगळे माना डोलावताना दिसले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रंग झिजणारच. आतल्या भिंतीच्या इमल्शनचं, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचं, आयुष्य पाच वर्षं धरलं आणि भाडेकरू तीन वर्षं राहिला, तर त्या रंगाचा तीन पंचमांश खर्च भाड्यातून कधीच वसूल झालाय. त्याने खरंच नुकसान केलं असेल, म्हणजे न विचारता गडद रंग दिला, किंवा टीव्हीचा ब्रॅकेट उपटताना प्लास्टरचा पोपडा काढला, तर रंगाचे दोन पंचमांश घ्या आणि प्लास्टरची दुरुस्ती पूर्ण घ्या. रंगही त्याच एका भिंतीचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मध्येच ठिगळ मारलं तर ते उठून दिसतं, पण एका भिंतीसाठी अख्खं घर रंगवून बिल त्याच्या माथी मारायचं कारण नाही. उन्हाने विटलेला रंग, फ्रेममागचा फिकट चौकोन, बारीक खिळ्यांची भोकं ही वापराची झीज आहे. तिचे पैसे शून्य.

दोनखोल्या :
वाचायला छान आहे. ज्याच्याकडे भाड्याने द्यायला एकच घर आहे आणि त्यावर कर्जाचा हप्ता चालू आहे, त्याने पंचमांश मोजत बसायचं का? भाडेकरू नोटीस देतो आणि शेवटचं भाडं बुडवून सांगतो, "डिपॉझिटमधून वळतं करा." मग विजेचं बिल, पाण्याचं बिल, तुटलेली कडी. हातात उरतं काय? सरसकट रक्कम करारात आधीच लिहिली आणि दोघांनी सही केली, तर त्यात फसवणूक कुठे आली?

पाणीमीटर :
शेवटच्या भाड्याबद्दल दोनखोल्या यांचं बरोबर आहे. करारात स्पष्ट लिहा की डिपॉझिट भाड्यापोटी वळतं होणार नाही. नोटीस हातात पडताच त्याच दिवशी लेखी उत्तर द्या आणि त्यात शेवटच्या भाड्याची तारीख घाला. पण रंगाची सरसकट रक्कम हा त्यावरचा उपाय नाही. ती रक्कम ठरलेली असली की नीट राहणारा आणि नासधूस करणारा दोघांना सारखीच शिक्षा. मग भिंत जपायची कुणी आणि कशाला?

पैसे वाचतात ते पाहणीत. एक पाहणी घर सोडायच्या दोन आठवडे आधी करा, म्हणजे त्याला स्वतः दुरुस्त करायला वेळ मिळतो. दुसरी सामान हलल्यावर रिकाम्या घरात, किल्ली हातात घ्यायच्या आधी. प्रत्येक भिंतीचा पूर्ण फोटो काढा. मग दिवे बंद करून टॉर्च भिंतीला समांतर धरा आणि पुन्हा काढा. समोरून न दिसणारे उंचवटे आणि पोपडे तिरप्या उजेडात लगेच दिसतात. सिंकखालचं कपाट, फ्लशची टाकी, खिडकीच्या चौकटीची खालची बाजू इथले फोटो हमखास राहतात. मीटरचा आकडा आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत यायला हवा. आणि हे सगळं घर देतानाही केलेलं असलं पाहिजे, नाहीतर नंतरच्या फोटोंची तुलना कशाशी करणार?

गवंडीकाम :
काळ्या भिंतीचे दोन महिने हे वाक्य सगळ्यात वाईट आहे आणि त्यावर कुणी बोलतच नाहीये. भिंत काळी का पडली हे न बघता पैसे कापणं म्हणजे स्वतःच्या घराचा रोग झाकून ठेवणं.

ओल तीन वाटांनी येते. जमिनीतून चढते ती साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते, तिला लोणा लागतो, पांढरी पूड हाताला येते. गळतीचा डाग पिवळट-तपकिरी, कडेला गडद रेघ असलेला, आणि प्रत्येक गळतीबरोबर पसरणारा. हवेतली वाफ थंड भिंतीवर बसून होते ती काळ्या ठिपक्यांची बुरशी. ती बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, पडद्याआड, म्हणजे जिथे हवा हलत नाही तिथे असते.

खात्री करायची तर भिंत कोरड्या फडक्याने पुसा आणि ४५ सेंटिमीटर चौरस जाड प्लास्टिक चारही कडांना टेप लावून हवाबंद चिकटवा. एक-दोन दिवसांनी खोलीच्या बाजूला थेंब दिसले तर वाफ. प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्हीकडे दिसले तर दोन्ही रोग आहेत. भिंतीतून येणाऱ्या पाण्याचा खर्च भाडेकरूच्या माथी मारता येणार नाही.

दोनखोल्या :
आणि वाफेचा? खिडक्या बंद, कपडे खोलीत वाळत, स्वयंपाक दार लावून. ही बुरशी तर त्यांचीच ना?

भाडेकरूच :
तुमचं भिंतभर कपाट बाहेरच्या भिंतीला खिळे ठोकून बसवलेलं असतं. त्याच्या मागे हवा जाणार कुठून? बाथरूमचा पंखा फिरतो, पण त्याची नळी माळ्यावर सोडलेली. खिडकीला जाळी अशी की ती उघडतच नाही. कपडे वाळवायला बाहेर दोरी बांधायची नाही, हे करारात. आणि मग बुरशी आमची! घरमालकांनी आधी स्वतःच्या घरात आठ दिवस राहून बघावं.

दोनखोल्या :
प्रत्येक मालक असाच असतो असं धरून बोलायचं असेल तर चर्चेला अर्थ नाही. मुद्दा दोरीचा नव्हता.

गवंडीकाम :
मुद्दा दोरीचाच आहे. एक बादली कपडे आत वाळवले तर दोनेक लीटर पाणी हवेत जातं. गॅसचं तर कुणी धरतच नाही : सिलिंडरमधला एक किलो गॅस जळाला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. खोलीत २५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर १९ अंशांच्या भिंतीवर दव धरायला लागतं. बुरशीला तेवढंही लागत नाही. भिंतीला चिकटलेली हवा दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की पुरे. वाफ भाडेकरू सोडतो हे खरं, पण ती बाहेर जायची वाट ठेवणं मालकाचं काम आहे.

बाथरूमचा पंखा तपासायचा तर दार लावून चालू करा आणि जाळीवर कागदी रुमाल धरा. चिकटून राहिला तर ओढ आहे. पडला तर दाराखाली बोटभर फट आहे का बघा, कारण आत हवा आली नाही तर पंखा बाहेर काय फेकणार? आंघोळीनंतर तो १५-२० मिनिटं चालू राहायला हवा. त्यासाठी टायमरचं बटण बसवा, भाडेकरूच्या आठवणीवर सोडू नका. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच ते दहा सेंटिमीटर पुढे, आणि खाली-वर हवेला वाट.

पाणीमीटर :
बुरशीवर ब्लीच मारून लगेच रंग देणाऱ्यांनाही थांबवा. ब्लीचमधलं पाणी प्लास्टरमध्ये मुरतं आणि मूळ कारण जिथल्या तिथे राहतं. आणि ब्लीचबरोबर बाथरूमचं ॲसिड वापरलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो जिवावर बेततो. घर सोडताना घाईत साफसफाई करणारे नेमकी हीच दोन मिसळतात.

कडीकोयंडा :
धागा रंगाच्या हिशेबाचा होता. ओलीवर वेगळं लिहा ना.

गवंडीकाम :
वेगळं कशाला? कारण माहीत नसेल तर हिशेब कसला करणार? खालच्या घराच्या छताला डाग पडला की मालक थेट वरच्या भाडेकरूला दोष देतो. आधी सगळे नळ रात्री बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी बघा. हलला असेल तर फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर टाकीची रबरी झडप गेली आहे, ते पाणी गटारात जातं आणि त्याचा छताच्या डागाशी संबंध नाही. रंग उतरला नाही तर दाबाची लाइन, म्हणजे नळांना पाणी आणणारा पाइप, कुठेतरी फुटली आहे.

मीटर हललाच नाही तर सांडपाण्याची वाट किंवा फरशीचे सांधे. नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या फरशीतली पाणी जायची जाळीची जागा, फुगणाऱ्या रबरी बुचाने बंद करा, फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी धरा. उंबरा त्याहून उंच हवा, नाहीतर पाणी खोलीत येईल. पातळीवर पेन्सिलने खूण करून २४ तास थांबा. खाली डाग ओला झाला तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. ते मालकाचंच. डाग कोरडा राहिला तर बूच काढून पाणी एकदम सोडा आणि खाली बघत राहा. तेव्हा ओला झाला तर ट्रॅपचा सांधा. तोही मालकाचाच.

दोनखोल्या :
म्हणजे सगळंच मालकाचं. भाडेकरूने गळती चार महिने कळवलीच नाही तरी?

कडीकोयंडा :
नाही, इथे तुमचा मुद्दा बरोबर आहे, कितीही नको वाटलं तरी. गळती मालकाची, पण न कळवल्यामुळे जे वाढलं ते भाडेकरूचं. त्यासाठी करारात "ओल किंवा गळती दिसल्यापासून तीन दिवसांत फोटोसह लेखी कळवणे" असं कलम हवं आणि मालकाने किती दिवसांत माणूस पाठवायचा तेही त्याच कलमात हवं. एकतर्फी कलम कुणी पाळत नाही.

भाडेकरूच :
कळवल्यावर "बघतो" असं उत्तर येतं, तेही या कलमात धरणार का?

पाणीमीटर :
धरायलाच हवं. कळवल्याच्या तारखेनंतरचं वाढीव नुकसान मालकाचं. तारीख ठरवते, म्हणून फोनवर नाही, लेखी.

दोनखोल्या :
ठीक. काळ्या भिंतीचे दोन महिने मी सोडून देतो, प्लास्टिकची चाचणी आणि टायमर पटलं. रंगाचा आकडा मात्र करारात राहणार. वर्षागणिक तो पाच पंचमांशांवरून चार, मग तीन पंचमांश असा उतरत जाईल, तेवढं बदलतो.

कडीकोयंडा :
उतरता आकडा चालेल, पण तो नुकसान झालेल्या भिंतींपुरताच. आणि सुरुवात भाडेकरू आल्याच्या तारखेपासून नको, शेवटचा रंग दिला त्या तारखेपासून. दोन वर्षांच्या जुन्या रंगावर नवा माणूस आला तर पहिल्याच दिवशी आकडा तीन पंचमांश असायला हवा.

दोनखोल्या :
रंगाऱ्याचं बिल कराराला जोडावं लागेल मग.

कडीकोयंडा :
जोडा. रंगाच्या डब्यावरचा शेड क्रमांकही त्यावर लिहून ठेवा, एकच भिंत रंगवायची वेळ आली तर तो लागतोच.