'डेज ऑफ फ्यूचर पास्ड'मधला वाद्यवृंद नेमका कुठे वाजतो?

प्रश्न
मूडी ब्लूज या ब्रिटिश रॉक बँडच्या या १९६७च्या अल्बमवर लंडन फेस्टिव्हल ऑर्केस्ट्राचं नाव आहे. त्यातलं 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' हे गाणं कीबोर्डवर बसवतोय. कडव्यांमागची व्हायोलिनं वाद्यवृंदाची की मेलोट्रॉनची (फितीवर मुद्रित केलेले सूर वाजवणारा कीबोर्ड)? आणि सीडी कोणती घ्यावी?

जुनीफीत
मेलोट्रॉनची. बहुतेकांची इथेच गल्लत होते. बँडनं गाणी आधी मुद्रित केली, मग वाद्यवृंदाचे संयोजक पीटर नाइट यांनी त्यांच्याच चालींवरून मधले जोडतुकडे लिहिले. म्हणून वाद्यवृंद मुख्यतः सुरुवातीला, गाण्यांच्या मधे आणि या गाण्याच्या शेवटी म्हटलेल्या कवितेखाली सापडतो. कान लावून ऐका: मेलोट्रॉनच्या सुराची सुरुवात बोथट असते आणि धरलेला सूर किंचित हिंदकळतो. वाद्यवृंदात हार्प, बासऱ्या, व्हायोलिनं डावी-उजवीकडे वेगवेगळी कळतात.

काळीपांढरी
बसवताना एक पथ्य पाळा. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली फितीचा तुकडा असतो, जेमतेम आठ सेकंदांचा. पट्टी दाबली की फीत हेडवर (ती वाचून आवाज काढणाऱ्या भागावर) घासत पुढे सरकते, सोडली की स्प्रिंग ती मागे ओढते. त्यामुळे सूर लांबवणारं सस्टेन पेडल विसरा. या गाण्याची लय संथ १२/८ आहे. ई मायनर, डी, पुन्हा ई मायनर, डी, मग सी, जी, एफ, ई मायनर असं साधारण एकेका आवर्तनाला कॉर्ड बदलतं, म्हणून फीत संपायच्या आत बोटं आपोआप उचलली जातात. तो एफ चुकवू नका, गाण्याचा सगळा काळोख त्यात आहे. पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही, तेव्हा सिंथवर व्हेलॉसिटी (दाबाच्या जोरानुसार आवाज बदलण्याची सोय) बंद करा. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, मात्र सढळ हातानं.

प्रश्नकर्ता
व्हेलॉसिटी! म्हणूनच माझं पियानोसारखं वाजत होतं. आणि सीडी?

जुनीफीत
मूळ स्टिरिओ मास्टर (ज्यावरून प्रती काढतात ती फीत) खराब झाल्यानं १९७८मध्ये पुन्हा मिक्सिंग झालं, आणि पुढे बरीच वर्षं सीडीवर तेच येत राहिलं. १९६७चं मिक्स हवं तर २०१७ची पन्नाशीची आवृत्ती बघा. गाणं अल्बममधलंच घ्या, साडेसात मिनिटांचं. सिंगलमध्ये कविता कापलेली आहे.

काळीपांढरी
कवितेनंतरची घंटा गाँगची आहे. ती सिंथवरच्या झांजेनं भागवू नका, फार केविलवाणी वाटते.